बाबांच्या आवाजाची वायर

लग्न होऊन मी भंडाऱ्यात आले, त्याच्या आधीच माझ्या सासऱ्यांचा आवाज गेला होता. घशाचा कॅन्सर. बिड्या आणि तंबाखूचा खर्रा, दोन्हींचा शौक मोठा. नागपूरला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढून टाकावं लागलं, जीव वाचला. गळ्याखाली एक छिद्र राहिलं, त्यातून ते श्वास घेत. माझ्या सासूबाई, म्हणजे आई, त्यावर रोज धुतलेला पांढरा रुमाल बांधून देत.

बाबा बोलायचे, पण नुसत्या ओठांनी. त्यातलं बरंचसं आईंना कळे, थोडंफार माझ्या नवऱ्याला, आणि मला सुरुवातीला काहीच नाही. माझी पंचाईत पाहून बाबांनी एक दिवस बाजारातून शाळेतली पाटी आणि पेन्सिलींचा डबा आणला. पाटीवर पहिलं वाक्य लिहिलं ते असं : ‘चहात साखर कमी.’ मी हसले, तेही हसले. त्यांच्या हसण्यालाही आवाज नव्हता, नुसते खांदे हलायचे.

मी सिहोऱ्याची. आमच्या घरी सगळे धानाच्या बांधीवरून एकमेकांना हाका मारत मोठे झालेले. घरात शेजारी बसलेल्या माणसाशीही आम्ही ओरडूनच बोलतो. त्यामुळे या शांत माणसाचं मला फार कुतूहल वाटे. चेहरा रोज समोर, चालणं ओळखीचं, खोकलासुद्धा ओळखीचा, आणि आवाज मात्र माहीत नाही. एखाद्या फोटोतल्या माणसाबरोबर एका घरात राहावं, तसं काहीतरी.

एकदा भाजी निवडताना आईंना विचारलं, “आई, बाबांचा आवाज कसा होता?”

“कसा म्हंजे? जाड होता. भारी. दारातून हाक मारली का शेवटच्या क्वार्टरपर्यंत ऐकू जाये.”

तेव्हा त्यांचं घर जवाहरनगरला होतं. बाबा तिथल्या फॅक्टरीत फिटर होते आणि रिटायर होईपर्यंत कॉलनीतच राहिले. आता माझा नवरा त्याच फॅक्टरीत होता आणि भंडाऱ्याहून रोज फॅक्टरीच्या बसनं जायचा. त्याला विचारलं तर तो म्हणाला, “मले तर रागावतानाचाच आठवते. अभ्यासाला बस, सायकल ठेव, असा.” मग म्हणाला, “खरं सांगू का, शब्द आठवतात. आवाज नाही आठवत.”

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

बाबांचा दुसरा धंदा व्हिडिओचा. नव्वदच्या दशकात त्यांनी आणि तुमसरच्या एका मित्रानं भागीदारीत खांद्यावरचा मोठा व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. सुट्टीच्या दिवशी, रजा टाकून, लग्नं, साक्षगंध, बारसं, शाळेचं गॅदरिंग, गावातली नाटकं, जे मिळेल ते ते दोघं शूट करत. त्या सगळ्या कॅसेटी आमच्याकडे दिवाणाखाली दोन पत्र्याच्या पेट्यांत होत्या. पोळा झाल्यावर एका उन्हाच्या दिवशी आम्ही घर आवरायला काढलं आणि मी पेट्या अंगणात नेल्या. कॅसेटींच्या पाठीवर बाबांचं बारीक, सरळ अक्षर. ‘आमगाव, जि. भंडारा’ असं एकीवर होतं. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन तोवर दहाएक वर्षं झाली असतील. कॅसेटीवर आमगाव अजून आमच्याच जिल्ह्यात होतं.

एक कॅसेट उचलून मी तिच्या छोट्या खिडकीतून आत पाहिलं. फितीच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी आली होती. दुसरी पाहिली, तिच्यातही. बाबा खुर्चीवर बसून पाहत होते. मी कॅसेट त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिली आणि पाटी मागितली.

‘दोन पावसाळे अजून. मग गेल्या.’

“कॉम्प्युटरमध्ये घेता येतात बाबा,” मी म्हणाले. “करून पाहू?”

त्यांनी ओठ हलवले. तोवर मला त्यांचे ओठ थोडे वाचता येऊ लागले होते. ते विचारत होते, “तुले येते?”

“येत नाही. शिकीन.”

मी तेव्हा एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. टायपिंग, पत्र कसं करायचं, तक्ते, इतकंच. मशीनच्या पोटात काय असतं, हे मला क्लास घेणाऱ्या बाईला शोभणार नाही इतकं कमी ठाऊक होतं. घरी नवऱ्यानं जोडून घेतलेला एक जुना कॉम्प्युटर होता. म्हणून तो रिक्षात घालून मी आधी बस स्टँडजवळच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले.

दुकानदार चांगला माणूस होता, पण त्याला माझा कॉम्प्युटर पाहूनच वाईट वाटलं. “मॅडम, हा आता म्हातारा झाला. व्हिडिओचं काम म्हंजे मोठं काम. नवाच घेऊन टाका.”

“नवा घेणं जमणार नाही. पण आधी मला सांगा, काम नेमकं कोण करतं?”

“कोण म्हंजे?”

“म्हणजे कॅसेटमधलं चित्र कॉम्प्युटरमध्ये जातं, तेव्हा मध्ये काय होतं?”

त्यानं स्टूल पुढे केलं. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं एका पावतीच्या पाठीवर पेनानं वेडीवाकडी लाट काढली. कॅसेटमधून चित्र असं येतं, म्हणाला, वाहत. कॉम्प्युटरला वाहणारं काही कळत नाही, त्याला आकडे लागतात. म्हणून मध्ये एक मोजणारा बसवायचा. तो ती लाट सारखी मोजत राहतो आणि आकडे आत पाठवतो. त्यालाच कॅप्चर म्हणतात.

“मग कॉम्प्युटरचं काम फक्त आकडे साठवायचं?”

“तसंच धरा.”

“मग माझा म्हातारा कॉम्प्युटर चालेल. मोजणारा चांगला पाहिजे आणि जागा जास्त पाहिजे.”

तो हसला. “चालेल. रॅमची एक पट्टी वाढवून देतो आणि दुसरी हार्ड डिस्क लावू. मोजणारा मात्र नागपूरहून आणावा लागेल.”

घरी येताना मला परीक्षेत पहिली आल्यासारखं वाटत होतं. कॅसेटी नागपूरच्या एखाद्या स्टुडिओत नेऊन करून आणणं हा एक मार्ग होता, पण दोन पेट्या भरून कॅसेटींचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. त्यामुळे पुढच्या रविवारी आम्ही दोघं सीताबर्डीला गेलो. एका गल्लीत ओळीनं कॉम्प्युटरच्या सामानाची दुकानं. कोणी टीव्ही दाखवणारं कार्ड पुढे केलं, कोणी परदेशी डबा, ज्याची किंमत ऐकून नवरा दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. शेवटी एका दुकानात पेन ड्राइव्हसारखी दिसणारी एक कांडी मिळाली. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला पिवळं भोक. सगळ्यात स्वस्त. मी लगेच घेतली. पिवळ्याच्या शेजारी लाल आणि पांढरं भोक का नाही, हे त्या वेळी माझ्या लक्षातच आलं नाही.

बाबांनी तोवर जुना व्हीसीआर खाली काढून ठेवला होता. झाकण उघडून त्यांनी त्याचं डोकं, म्हणजे फिरणारा चकचकीत गोळा, मला बोटानं दाखवलं. कोऱ्या कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये बुडवून ती एका हातानं गोळ्याला नुसती टेकवायची आणि दुसऱ्या हातानं गोळा हळू फिरवायचा. मी पट्टी वरखाली घासायला गेले तशी त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. खरोखर चापट. मग पाटीवर लिहिलं, ‘वरखाली केलं तर हेड मोडते.’ पट्टीवर काळा डाग उमटला. तो पाहून ते इतके खूश झाले की ती पट्टी त्यांनी आईंना दाखवायला आत नेली.

कांडी लावली. पिवळी वायर जोडली. आमगावची कॅसेट टाकली. पडद्यावर आधी निळं, मग पांढरे पट्टे, आणि मग एकदम मंडप. लाल-पिवळा कपडा, ट्यूबलाइटी, डोक्यावर मुकुटासारखा टोप घातलेली नवरी. मी टाळ्या वाजवल्या. आई हात पुसत बाहेर आल्या. बाबा खुर्ची ओढून अगदी पडद्याजवळ बसले. चित्र आलं होतं, आवाज नव्हता. मंडपात माणसं तोंडं हलवत होती. मी बाबांकडे पाहिलं आणि चटकन दुसरीकडे पाहिलं.

आवाजाची पांढरी वायर व्हीसीआरला होती, पण कांडीला तिची जागाच नव्हती. ती कॉम्प्युटरच्या मागच्या माइकच्या भोकात घातली तर नुसती गुरगुर. शेजारचं निळं भोक सापडायला मला दोन दिवस लागले, आणि त्यासाठी वेगळी वायर लागते हे कळायला आणखी एक. ती मिळाली आणि आवाज आला. गाणी! मंडपात नवरी बसली तर एक गाणं, जेवणाच्या पंगती तर दुसरं, वाढपी भात घेऊन धावतात तर तिसरं. मी कॅसेट पुढे पळवली. गाणी. दुसरी कॅसेट टाकली. गाणी.

“माणसं बोलत नाहीत का यात?” मी विचारलं.

बाबांनी पाटीवर लिहिलं, ‘मिक्सिंग.’

मग सविस्तर लिहून, पुसून, पुन्हा लिहून त्यांनी समजावलं. कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट गिऱ्हाइकाला देत नसत. ती कापून, जोडून, वर गाणी टाकून दुसरी कॅसेट बनवत. मूळ आवाज फक्त विधीच्या वेळी ठेवायचा. बाकी आवाज काढून टाकायचा. कॅमेऱ्याजवळ उभा असलेल्या माणसाचा तर पहिला. लोकांना त्यांचं लग्न पाहायचं असतं, शूटिंगवाल्याची बडबड ऐकायची नसते.

“म्हणजे तुमचा आवाज तुम्हीच काढून टाकला?”

त्यांनी मान हलवली, आणि खांदे हलवून हसले.

तोवर मी स्वतःलासुद्धा कबूल केलं नव्हतं की मी या कॅसेटींत काय शोधते आहे. आता बोलून गेले होते. आईंनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे बोट केलं. म्हणाल्या, “तुले यायचा आवाज ऐकायचा आहे का वं?”

“हो.”

बाबांनी पाटी पुसून खुर्चीखाली ठेवली.

विधीचे भाग मी तरीही एकेक करून पाहिले. ज्यांच्या घरी मंगलाष्टकं त्यांच्याकडे मंगलाष्टकं, ज्यांच्या घरी वंदना त्यांच्याकडे वंदना. त्यात एक वेगळीच गंमत दिसली. कॅसेटच्या सुरुवातीला ओठ आणि आवाज बरोबर असत. तासाच्या शेवटी भंतेजींचे ओठ मिटून जात आणि शब्द मागून येत. मी हे तीन-चारदा तपासलं. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, “तुमची कांडी चित्र मोजून राहिली, आवाज कॉम्प्युटर मोजून राहिला. दोघांचं घड्याळ वेगळं. एक जरासं पुढं जाते.” मला ते फार आवडलं. त्रासाची गोष्ट होती, तरी आवडलं.

आठवड्यानं बाबांनी स्वतःच पाटी माझ्यासमोर धरली. ‘तुमसरले जा. मूळ कॅसेटी त्याच्याकडे असतील.’

त्याच्याकडे म्हणजे जुन्या भागीदाराकडे. त्यांना आम्ही काकाजी म्हणायचो. त्यांचं दुकान तुमसरच्या बाजारात, धानाच्या पोत्यांच्या गाड्यांमधून वाट काढत जावं लागे. दुकानात आता फोटो काढायचा पडदा, लॅमिनेशनचं मशीन आणि काचेच्या कपाटात तळहाताएवढ्या कॅसेटीचा नवा कॅमेरा होता. मी सगळं सांगितलं. काकाजींनी चहा मागवला.

“मूळ कॅसेटी आमी पुन्हापुन्हा वापरत होतो बेटा. नवी कॅसेट महाग. एका लग्नावर दुसरं लग्न, त्याच्यावर तिसरं. त्याच्यातलं काही राह्यलं नसल.”

“एकही नाही?”

त्यांनी विचार केला. मग आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ वस्तू सरकवण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आले तेव्हा हातात एकच कॅसेट होती. पाठीवर बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘ट्रायल’.

“कॅमेरा आणला त्या दिवशीची आहे. पहिल्या कॅसेटीवर दुसरं काही भरायचं नाही, तुहे बाबा म्हणे. म्हणून राहून गेली. म्या बी कधी लावून नाही पाहिली.”

“काकाजी, बाबांचा आवाज कसा होता?”

“त्याचा? एकदम नरम. नवरी लाजली, पोट्टे मधात आले, तरी कधी ओरडला नाही. ओरडायचं काम माह्याकडे.”

आई म्हणाल्या होत्या जाड. नवऱ्याला रागावणं आठवत होतं. काकाजी म्हणत होते नरम. मला वाटलं, हे तिघं एकाच माणसाबद्दल बोलत आहेत ना?

काकाजींना मी त्या दोन घड्याळांची गोष्ट सांगितली. त्यांनी कपाटातला कॅमेरा काढून टेबलावर ठेवला. “याच्यात व्हीसीआर लाव. पिवळी, लाल, पांढरी, सारी याच्यातच. बाहेरचं चित्र आत घ्यायची सोय साऱ्या कॅमेऱ्यात नसते, याच्यात आहे. हा स्वतःच मोजते, चित्र आणि आवाज एकाच घड्याळावर. मग इथून एक बारीक वायर कॉम्प्युटरले. तुले फक्त फायरवायरचं कार्ड लागन.”

“ते महाग असेल.”

“लहानसं असते. जुन्या कॉम्प्युटरमधलंही चालते.”

“पण कॅमेरा तुमचा धंद्याचा…”

“तुळशीचं लग्न होऊस्तोवर कोणाचं लग्न आहे? ने. पण ट्रायल कॅसेट लावजो तं मले बोलावजो.”

कार्ड शोधायला मात्र वेळ गेला. नाव फायरवायर, वस्तू पत्त्यांच्या जोडापेक्षा लहान. स्टँडजवळच्या दुकानदारानं आपल्या भंगाराच्या ढिगातून एका बंद पडलेल्या कॉम्प्युटरचं पोट उघडलं आणि त्यातून ते काढून दिलं. त्याच्या पत्र्यावर गंज होता. त्यानं खोडरबरानं त्याचे सोनेरी दात घासले, फुंकर मारली आणि आमच्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं. चाललं. एका तासाच्या कॅसेटीला तेरा जीबी जागा लागते म्हणून हार्ड डिस्कवरची माझ्या क्लासची सगळी कागदपत्रं मी सीडीवर काढून टाकली.

राहिला विजेचा प्रश्न. तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंग जोरात होतं. कॅसेट तासाची असली तर तास चालूच ठेवावी लागते, मध्ये लाइन गेली तर सगळं पहिल्यापासून. यूपीएसवर कॉम्प्युटर थोडा वेळ तग धरे, व्हीसीआर आणि कॅमेऱ्याचं काय? नवरा म्हणाला, इन्व्हर्टर घेऊ. बाबांनी नकाराची मान हलवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. लाइन कोणत्या दिवशी किती वाजता जाते ते त्यांनी तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. रविवारी सकाळी लोडशेडिंगला सुट्टी होती.

त्या रविवारी काकाजी तुमसरहून पहिल्या बसनं आले. आईंनी पोहे केले. व्हीसीआर, कॅमेरा, कॉम्प्युटर असा ओळीनं मांडला. मी मुद्दाम प्रत्येक वायर बोटानं धरून पाहिली : पिवळी, लाल, पांढरी, मग ती बारीक. बाबांनी कॅसेट स्वतः टाकली. ती आधी पूर्ण पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवून घेतली, जुनी फीत चिकटलेली असते म्हणून.

पट्टे आले. सरसर असा आवाज आला. मग डोलणारं चित्र : जवाहरनगरच्या क्वार्टरचा व्हरांडा, दोरीवर वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यात तीन चाकांची सायकल. आणि अगदी जवळून, जणू माझ्या कानाशी, एक माणूस म्हणाला,

“सुरू झाला का? लाल लाइट लागला. म्हंजे सुरू झाला.”

आवाज बारीक होता. थोडा नाकातून येणारा, भरभर, आणि प्रत्येक वाक्य शेवटी वर जाणारा, जणू सगळे प्रश्नच आहेत. “हे झूम. झूम काहून नाही होऊन राहिलं? हां, झालं. अरे बाप्पा, केवढं मोठं झालं! पाय ना, दोरीवरचा चिमटा दिसून राहिला, चिमटा!” कॅमेरा चिमट्यावरून आंब्याच्या झाडावर गेला, झाडावरून एका कावळ्यावर. “हा कावळा. कावळेबुवा, इकडं पाहा.” मग दारात एक तरुण बाई आली, हातात सूप. “ऐक ना, इकडं पाय. नुसती पाय. बोलू नको.”

“मले कामं आहेत,” ती बाई म्हणाली आणि आत गेली.

“कामं कराची आहेत तं करतानाच पाय इकडं,” तो आवाज म्हणाला, आणि कॅमेरा तिच्या मागं मागं स्वयंपाकघरात गेला.

मी ऐकत होते आणि मला वाटत होतं, हा माणूस मला ओळखीचा आहे. जाड नाही, नरमही नाही. उतावळा आहे. प्रत्येक बटणाला हा काय करतो म्हणून विचारणारा आहे. व्हीसीआरचा काळा डाग आईंना दाखवायला पळणारा हाच.

नवरा खाली बसला होता. तो हळूच म्हणाला, “हाच. हाच होता.” आणि त्यानं डोळे पुसले.

बाबांनी पाटी ओढली. घाईनं लिहिलं, ‘हा माहा आवाज नोहे.’

“तुमचाच हाये जी,” काकाजी म्हणाले.

बाबांनी मान हलवली. नाही. लिहिलं, ‘एवढा बारीक?’

“आपला आवाज आपल्याला वेगळाच वाटतो बाबा,” मी म्हणाले. “आपण तो आतून ऐकतो. क्लासमध्ये मुली आपलं रेकॉर्डिंग ऐकतात तेव्हा त्यांनाही पटत नाही.”

त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं, मग बोटानं खूण केली : पुन्हा. मी मागे घेतलं. चिमटा, कावळा, सूप. पुन्हा. तिसऱ्यांदा ते ओठ हलवत ऐकू लागले. पडद्यातला आवाज ‘कावळेबुवा’ म्हणाला तेव्हा त्यांचे ओठही तेच म्हणत होते, जरासे मागून. मग त्यांनी हात गळ्यावरच्या रुमालावर ठेवला आणि खुर्चीला टेकून बसले. रडले नाहीत. फार लक्ष देऊन ऐकत होते, एवढंच.

आई मात्र उठून आत गेल्या होत्या. मी मागे गेले तर त्या ओट्याशी नुसत्या उभ्या होत्या.

“आई?”

“मी तुले जाड म्हटलं होतं ना,” त्या म्हणाल्या. “जाड नव्हताच. जाड झाला तो बिमारीत. आपरेशनच्या आधी वरिसभर घोगरा झाला होता, तसाच बोलत होते. मी तोच धरून बसली. याच्या आधीचा सारा इसरून गेली.” पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, “थे बिमारीचा आवाज ध्यानात राहिला मले. आणि हा, इतक्या वर्षांचा, हा गेला.”

मी त्यांचा हात धरला. बाहेर पुन्हा कावळा सुरू झाला होता. थोड्या वेळानं आई स्वतःच म्हणाल्या, “चल, मले पुरा ऐकू दे. त्या दिवशी मी नीट पाहिलंच नाही त्यायच्याकडं.” आणि त्या बाहेर जाऊन बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. कॅसेट संपेपर्यंत उठल्या नाहीत.

तुळशीच्या लग्नापर्यंत आम्ही दोन्ही पेट्या उपसल्या. ज्या कॅसेटी वाचल्या त्या वाचल्या. काहींची बुरशी व्हीसीआरच्या पोटात गेली आणि पुन्हा पुन्हा कागदाची पट्टी फिरवावी लागली. बाबा माझ्याशेजारी बसायचे. कोणत्या गावचं लग्न, कोणाचा मुलगा, ते पाटीवर लिहायचे आणि मी फाइलला तेच नाव द्यायची. बातमी पसरली तशी जवाहरनगर, तुमसर, साकोलीकडची माणसं पिशवीत कॅसेटी घेऊन येऊ लागली. बहुतेकांना पूर्ण लग्न नको असायचं. कोणाला त्यात नाचलेला भाऊ पाहायचा असे, कोणाला विहिरीजवळ उभं असलेलं जुनं घर. काकाजींचा कॅमेरा हंगाम लागल्यावर परत गेला, पण पुढच्या पावसाळ्यात तो न सांगता पुन्हा आला, सोबत त्याच्या सगळ्या वायरी.

बाबा त्यानंतर सहा-सात वर्षं जगले. शेवटपर्यंत त्यांनी मान्य केलं नाही की ट्रायल कॅसेटवरचा आवाज त्यांचाच आहे; पण पाहुणे आले की तीच फाइल लावायला सांगायचे. ती फाइल आता माझ्याकडे तीन ठिकाणी आहे.

तिच्यात अगदी शेवटी, कॅमेरा बंद व्हायच्या आधी, बाबा म्हणतात, “पुरे आता, बॅटरी चालली,” आणि कॅमेऱ्याजवळ कोणीतरी मोकळं हसतं. बाईचं हसू आहे की पुरुषाचं, ते कळत नाही. आई म्हणाल्या, मी नाही, मी तर आत होती. काकाजी म्हणाले, मी तेव्हा बॅग आणायला गेलो होतो. जवाहरनगरच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईंना मी फोनवर ते हसू ऐकवलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, आपलं नाही बापा. बाबांना विचारलं, तेव्हा त्यांनी पुन्हा पुन्हा ऐकून पाटीवर लिहिलं होतं, ‘ध्यानात नाही. पण चांगलं हसते.’

मी अजूनही कधीतरी हेडफोन लावून तेवढाच तुकडा ऐकते.